पहिली वेळ माझी नव्हतीच

…नाही, दुसरी माझीच, ती मी कबूल करतो, स्कूटर माझी, तोंड माझं, यंत्रात फुंकलो मी, पण पहिली वेळ माझी नव्हतीच हो! आणि कायदा कसा आहे तुम्हाला सांगतो, पहिल्या वेळेला दंड भरा, कान धरा, घरी जा. दुसऱ्या वेळेला थेट आत. सहा महिने! लायसन्स रद्द, ते वेगळंच. लायसन्सचं सोडा, मी शिंपी माणूस, मशीन चालवायला कोण लायसन्स विचारतं? पण सहा महिने?

पहिली वेळ ऐका. दोन वर्षांपूर्वी, भर दुपारी, धाकट्याने गाडी बागेच्या कठड्यावर घातली. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ, शाळेची बस चालवतो. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, आणि सुट्टी असली की तो सकाळपासूनच… असो. फोन आला, मी धावलो, माझ्यामागे आई, चप्पलसुद्धा न घालता. धाकटा बॉनेटवर डोकं टेकून रडतोय, ‘दादा, लायसन्स गेलं की नोकरी गेली रे, दादा!’ आणि आई माझ्याकडे बघते. आयांचं ते बघणं माहीत आहे ना तुम्हाला? ‘तुला काय करायचंय लायसन्स? तू कपडे शिवतोस. बस त्याच्या जागेवर!’

बसलो! मोठा ना मी! तर धाकट्याच्या लक्षात आलं, बघा, तर्र असूनही डोकं कसं चालतं, म्हणतो, ‘दादा, तुझ्या तोंडाला वासच नाही! यंत्रात शून्य येईल!’ आणि सीटखालून बाटली काढून दिली माझ्या हातात. चाळीस वर्षं थेंबाला न शिवलेला माणूस मी! नाक दाबलं आणि काढा प्यावा तशी प्यायलो. आईने रुमालाने माझं तोंड पुसलं, ‘शहाणं माझं लेकरू’ म्हणाली. पोलीस आले, मी फुंकलो, आणि पहिल्याच फटक्यात पास! शाळेत एकही परीक्षा अशी पास झालो नव्हतो.

आता लाजेची गोष्ट सांगतो, हसू नका… मला ती आवडली. काय करू? कात्री धरून धरून दुखणारा खांदा त्या दिवशी दुखायचा थांबला! मग शनिवारचं काम उरकलं की एकच. मग शनिवार बुधवारीच यायला लागला. आणि दोन महिन्यांपूर्वी गणवेशांची मोठी ऑर्डर संपली, दुकानात सगळ्यांनी घेतली, मीही घेतली, स्कूटर काढली, चौकात नाकाबंदी. ‘फुंका.’ फुंकलो. हवालदाराने नाव टाकलं, मान वर केली, ‘अरे वा, जुने गिऱ्हाईक!’

वकिलाला म्हटलं, साहेब, पहिली वेळ माझी नव्हतीच. तो चष्म्यावरून बघतो, ‘म्हणजे तेव्हा कोर्टात खोटं बोललात?’ म्हटलं, हो. ‘मग तो आणखी एक गुन्हा. सांगू या का न्यायाधीशांना?’ …नको म्हटलं! कोणता दुकानदार एकावर एक फुकट देतो हो इतक्या तत्परतेने?

आणि धाकटा? बस चालवतोय! चाळीस पोरं असतात तिच्यात, त्यातली एक माझी, दुसरीत आहे. मागच्या आठवड्यात एके सकाळी बस दारात आली, दार उघडलं, आणि वास! आता माझ्या नाकाला कळतं ना, कोणती आणि कधीची, सगळं कळतं. पोरीचा हात धरला, चालत नेलं शाळेत, आणि तसाच मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरलो. बाई, म्हटलं, त्याला एकदा फुंकायला लावा, तुमच्या पाया पडतो. बाईंनी फाईल काढली. ‘यांच्यावर एकही नोंद नाही.’ मग माझ्याकडे बघितलं, बातमी पोचलेली होतीच. ‘दोनदा पकडले गेलात तुम्ही, आणि वास येतो त्यांच्या तोंडाला?’ अहो बाई, पहिली वेळ माझी… पण बोलणार कसं? वकिलाने तोंड शिवलेलं! मी लोकांच्या बाह्या शिवतो, माझं तोंड वकील शिवतो!

बाकीच्या एकोणचाळीस पोरांच्या घरी जाऊन सांगितलं. चौथ्या दारात एक आजोबा म्हणाले, ‘आधी तुम्ही सोडा, मग दुसऱ्यांना शिकवा.’ बरोबर आहे त्यांचं. पुढच्या दारांतही हेच ऐकलं.

तेव्हापासून पोरीला मीच चालत नेतो. चाळीस मिनिटं जायला. ती पाढे म्हणते, चुकली तरी मी वा वा म्हणतो. पण सोमवारी सकाळी मला तुरुंगात हजर व्हायचंय. बायको पहाटेच्या पाळीला जाते, आईचे गुडघे गेलेत. काल जेवताना शेवटी विचारलंच मी, सोमवारपासून हिला शाळेत नेणार कोण? आई म्हणाली, ‘अरे, घरचा काका असताना काळजी कसली?’

मी घास ताटात परत ठेवला. आणि पोरगी? टाळ्या पिटायला लागली हो! काका तिला ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवतो म्हणे.