अकरा नंबरचं बीपी

हॅलो?… हां ज्ञानू, बोल… अगं निघतेच आहे, साडी नेसून तयार बसलेय. मिटिंग तीनचीच ना?… मग काय! आता कुठे सव्वा वाजतोय. कळंबोलीतून रिक्षा धरली की अर्ध्या तासात नेरूळ.

काय? ग्रँटचा अर्ज अडकला?… कुणी अडकवला?… हळू बोल गं, एक शब्द कळत नाहीये. तात्या, टीव्ही बारीक करा जरा! हॉस्पिटलमधून फोन आहे… हो, ज्ञानेश्वरीचाच, रिसर्च ऑफिसवाली… हां, बोल. माझे वडील विचारत होते, कोण म्हणून.

सह्या? कसल्या सह्या?… सगळ्या एका हातच्या?… अठराच्या अठरा? छे, काहीतरीच काय! लोखंड बाजारातल्या माथाडींची संमतीपत्रं आहेत ती. मी स्वतः छापून आणली, मराठीत, मोठ्या टायपात. तात्या मुकादम आहेत ना त्या टोळीचे, म्हणून त्यांच्याकडे दिली. म्हटलं, सगळ्यांच्या सह्या घेऊन या… हो, आणली की दुसऱ्या दिवशी… नाही… नाही गं, मी उघडून बघितलं नाही. आठवडाभर डबल ड्युटी चालली होती माझी. यशराजला म्हटलं, भावा, सगळं स्कॅन कर नि पाठवून दे. शेवटची तारीख होती!

थांब. फोन चालू ठेव.

तात्या, त्या फॉर्मांवर सह्या कुणी केल्या?… सगळ्या?… तुम्ही?

अरे देवा… ऐकलंस? ‘टोळीची सही मुकादमच करतो’ म्हणतायत… अगं, फसवाफसवी नाही ही. गाडी खाली केली की ट्रकवाल्याच्या कागदावर एकच सही होते, तात्यांची. मागची तीस वर्षं तेच चाललंय. कागद दिसला की ते सही ठोकतात, बाकीचे मागे उभे राहतात. सगळ्यांना विचारलं होतं म्हणतायत, आणि सगळे हो म्हणाले होते.

हो… हो, कळतंय मला. संमती ज्याची त्यानंच द्यायची असते. अगं, मीच शिकवते नव्या पोरींना! त्यांना धडे देते आणि घरातल्या माणसाला नीट सांगितलं नाही. लाज वाटतेय मला, काय बोलू…

तुमचे प्रसाद सर काय म्हणाले?… खरंच? सह्या नव्याने चालतील?… बाई गं, तुझ्या तोंडात साखर पडो. सांग त्यांना, संध्याकाळपर्यंत आणते. एकेकाला समोर बसवून, वाचून दाखवून घेते. ज्ञानू, साठ हजार म्हणजे तुमच्या ऑफिसात लहानशी ग्रँट असेल, पण तेवढ्यात सहा महिने मी सगळ्या टोळ्या तपासू शकते गं. तुला माहितेय मी कशासाठी धडपडतेय. आमच्या टोळीतले ते मामा… खांद्यावरचे लोखंडी अँगल खाली ठेवले, डोकं धरून बसले, ते उठलेच नाहीत. मेंदूत रक्तस्राव. जन्मात कधी कुणी त्यांचं बीपी मोजलं नव्हतं.

पण?… पण काय?… आकडे? आकड्यांना काय झालं? आकडे शंभर टक्के खरे आहेत. अर्जाला नमुन्याचे आकडे जोडा, असं तुमच्याच फॉर्मवर लिहिलंय. चौदा दिवस तात्यांनी रोज सकाळी मशीन लावलंय, काम सुरू व्हायच्या आधी. पाच मिनिटं बसवायचं, हात टेबलावर, चहा-तंबाखू नंतर… सगळं मी शिकवलंय.

एक नंबर?… रोज एकशेवीस-ऐंशी? चौदाच्या चौदा दिवस?… नाही गं, असं कुणाचंच नसतं. जिना चढलं तरी बदलतं. एक नंबर कोण आहे?… अय्या, ते तर तात्याच! तात्या, तुमचं स्वतःचं मोजलं नाहीत का?… मोजलं? मग रोज तोच आकडा कसा?… काय पुटपुटताय, मोठ्यानं बोला ना… ज्ञानू, कंटाळले असतील गं. नॉर्मल म्हणजे एकशेवीस-ऐंशी असं मीच कधीतरी सांगितलं असणार, तेच उतरवलं चौदा दिवस. ती ओळ काढून टाका म्हणावं. सतरा तर उरतात.

आणखी काय आता?… अकरा नंबर?… किती?… परत सांग. एकशे शहाण्णव-एकशे चौदा?… आणि दुसऱ्या दिवशी दोनशे दोन?… खाली आलंच नाही कधी? चौदा दिवस?

बाप रे. बाप रे बाप. अगं, एवढं बीपी घेऊन हा माणूस लोखंड उचलतोय!… काय विचारतायत सर? दवाखान्यात का नाही पाठवला?… बरोबर आहे, विचारणारच. मी बघितलंच नाही ना! मशीन मी दिलं, वही मी दिली, आणि बघायला मला वेळ नाही… नाव वाच. ग्रँट गेली खड्ड्यात, नाव वाच तू आधी. बाजारात जाते आणि त्याला रिक्षात घालूनच घेऊन येते.

काय?… काय वाचलंस?… कृष्णात फडतरे?

ज्ञानू… नीट बघ… अकरा नंबरच बघतेयस ना?… अगं, तेच ते मामा. कृष्णातमामा. श्रावणात गेले ते. मी स्वतः तेराव्याला जाऊन आलेय.

नाही, नाही, दुसरा कृष्णात नाही टोळीत. एकच होता… अगं, मला काय विचारतेस, माझंच डोकं चालेना झालंय! गेलेल्या माणसाचं बीपी मोजलं कुणी?

तात्या! टीव्ही बंद करा. बंद करा म्हणतेय ना! कृष्णातमामांचं नाव या यादीत कसं आलं?… हजेरीच्या वहीतून?… अजून आहे त्या वहीत?… हां… हां… बरं…

ज्ञानू, ऐक. वर्षश्राद्ध होईपर्यंत नाव काढायचं नाही, असं टोळीनं ठरवलंय. रोज सकाळी हजेरीला त्यांचं नाव पुकारतात, आणि तात्या त्यांच्या वतीनं ‘हजर हाय’ म्हणतात… हो गं, आठ महिने झाले, रोज. मला तरी कुठे माहीत होतं? यादी उतरवताना नाव आपसूक आलं. ते समजलं मला. रडू येतंय, पण समजलं.

पण आकडे?… तात्या, नाव राहिलं, ठीक आहे. आकडे कुणाचे आहेत ते?… मी काय विचारतेय?… तिकडे खिडकीत काय बघताय, माझ्याकडे बघा.

थांब गं. खाली मान घालून बसलेत… तात्या…

तुमचे आहेत?

…

हां… आहे मी. लाईनवर आहे… त्यांचेच आहेत, ज्ञानू. स्वतःच्या नावापुढे एकशेवीस-ऐंशी घातलं, आणि खरा आकडा कृष्णातमामांच्या नावापुढे… का म्हणजे? मी कामावर जाऊ देणार नाही म्हणून! ‘वैष्णवीला कळलं तर मला घरी बसवेल’ म्हणतायत!… मग लिहिलाच कशाला? मीही तेच विचारतेय… थांब, सांगतायत… ‘मशीननं दाखवलेलं वहीत आलंच पाहिजे, मुकादमानं आकडा दाबायचा नसतो’. हे बघ, आकडा दाबायचा नसतो म्हणे, माणूस दाबला तर चालतो! ‘कृष्णाताला आता काय फरक पडतोय’ म्हणतायत…

तात्या, तुम्हाला काही वाटलं कसं नाही हो! दिवसाला चाळीस माणसांचं बीपी मोजते मी. चाळीस! आणि रोज संध्याकाळी तुमच्यासमोर बसून जेवते, आणि मला…

नाही, ओरडत नाहीये. ओरडत नाहीये मी… हो, बरोबर आहे तुझं. विचारते.

तात्या, डोकं दुखतंय?… केव्हापासून?… आज जास्त? म्हणून घरी राहिलात होय! मला वाटलं, माझी मिटिंग आहे म्हणून थांबलात… आणखी काय होतंय?… हात? कुठला हात?… मुंग्या येतायत? कधीपासून?… चहा पिताना? म्हणजे नऊ वाजता?

उठू नका. अजिबात उठू नका. तिथेच बसा… हसून दाखवा मला. लाजू नका, हसा… आता दोन्ही हात समोर धरा. दोन्ही. डोळे मिटा आणि तसेच धरून ठेवा…

ज्ञानू, डावा खाली येतोय गं.

खाली येतोय. माझ्यासमोर खाली येतोय… नाही, त्यांना कळत नाहीये. त्यांना वाटतंय दोन्ही वरच आहेत…

लिहून घे. बाबासो घाडगे, वय अठ्ठावन्न. सकाळी नऊपासून डावा हात कमजोर, पक्षाघाताचा संशय. बीपीची गोळी कधी घेतलेली नाही, कुठलीच नाही. खाली कॅज्युअल्टीत कळव, सीटीला सांगून ठेवायला लाव… नाही, अ‍ॅम्ब्युलन्सची वाट नाही बघत, खालच्या मजल्यावरच्या अंकुशदादांची गाडी उभी आहे. यशराज! यशराज, अंकुशदादांना हाक मार, पळ! चप्पल राहू दे, पळ!

तात्या, पाणी नाही प्यायचं आता. नंतर. बोलत राहा माझ्याशी… काय?… नाही हो, नाही रागावले. मिटिंगचं काय घेऊन बसलात…

काय म्हणतेस?… सर शेजारीच आहेत?… मग खरं ते सांगून टाक. अकरा नंबर जिवंत आहे म्हणावं, माझा बाप आहे तो. आणि त्याला चौदा दिवस दवाखान्यात न पाठवणारी नर्स मी आहे… नको, तू नको समजावू मला. अर्ज ठेवतील, फाडतील, त्यांचं ते बघतील.

येतेय गं, तिथेच येतेय. पण वर ऑफिसात बघू नकोस मला, खाली दारात स्ट्रेचर घेऊन उभी राहा… हो, आली गाडी, हॉर्न वाजतोय. ज्ञानू, फोन ठेवते आता. त्यांना उठवायचंय, मला दोन्ही हात लागतील.