पूलवाला जेवायला गेला आहे

आजोबा : साल नको विचारू मला. तुझ्या बापाचा बाप्तिस्मा झाला ते वर्ष धर. त्याच उन्हाळ्यात आम्ही मालाची बोट विकली आणि मी जमिनीवर राहायला आलो.

नीन्के : म्हणजे पूलवाला गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून टोल घ्यायचा, तेव्हाचं.

आजोबा : तेव्हाचंच. आणि तुझ्या या गेममध्ये तू तो बूटही केलायस की. वाऱ्यानं हलतोयसुद्धा. हे सगळं तू एकटीनं केलंस, नीन्के?

नीन्के : एकटीनं. दोन हिवाळे गेले. कामावरून आले की आधी थोडा ट्रकचा गेम, मग हे.

आजोबा : दिवसभर लोकांचे फोन घ्यायचे आणि घरी येऊन ट्रक हाकायचा?

नीन्के : ट्रकमधला माल पोचला की पोचल्याचं कळतं, आजोबा. आमच्या इमर्जन्सीच्या फोनवर, अँब्युलन्स त्यांच्या दारात पोचली की फोन ठेवायचा. माणूस जगलं का, ते कोणी सांगत नाही. विचारायचंही नाही.

आजोबा : ज्या बाईसाठी तो शेवटचा फोन आला, तिचंही नाही कळलं?

नीन्के : नाही. म्हणून तर दोन आठवडे घरी बसलेय. साहेब म्हणतात, गुरुवारी ये. पण हेडफोन पुन्हा कानाला लावायचा धीर होत नाही.

आजोबा : हं. साखरपाव आणलाय, खा. आणि मला तुझी ती बोट चालवायला दे. कुठलं बटण?

नीन्के : हे डावीकडे, हे उजवीकडे. हळू, काठाला घासाल.

आजोबा : मी बोटीवर जन्मलोय, मला शिकवू नकोस... घासली.

नीन्के : मी काही बोलले नाही.

आजोबा : तुझ्या बोटीला वजनच नाही. बटाटे भरलेली बोट अशी वळत नाही.

नीन्के : रिकामीच निघालीय ती. बटाटे पुढच्या गावात भरायचेत.

आजोबा : मग बरोबर आहे. आता पूल का उघडत नाही? बिघडलं का काही?

नीन्के : बारा वाजलेत. पूलवाला जेवायला गेला.

आजोबा : आणि मी?

नीन्के : तुम्ही बोट बांधायची आणि थांबायचं. ही दोरी.

आजोबा : गेममध्ये थांबायचं? कोण खेळेल असला गेम?

नीन्के : माझा मित्र रेमर हेच म्हणाला. जेवणाची सुट्टी काढून टाक, नाहीतर एखादं बटण दे, दाबलं की एक वाजेल. नाही दिलं. कामावर माझा एकेक श्वास घाईचा असतो. इथं कोणीच मरत नाही. नुसता पूल बंद आहे.

आजोबा : ...पाण्यावर बदकं केलीस.

नीन्के : थांबलं तरच येतात ती.

आजोबा : आई अशा वेळी डेकवर कपडे वाळत घालायची. बाबा घोरायचे. दिवसातला तेवढाच वेळ कोणी कोणावर ओरडत नसे. हे तुला कोणी सांगितलं गं? मी तर कधी बोललो नाही.

नीन्के : कोणी नाही. मला हवा होता तसला एक तास. म्हणून केला.

आजोबा : हुशार आहेस. तुझा बाप दोन फळ्या सरळ ठोकू शकत नाही, आणि तू अख्खा कालवा वाहता केलास. आता जरा इकडे बघ. मी नुसता पाव द्यायला आलो नाहीये.

नीन्के : काय झालं?

आजोबा : बंदरावर डाउवे भेटला. बोटीवर राहतो ना, कुत्रेवाला. म्हणतो, बायको, हिस्के, डेकवर कोसळली, फोन केला, तर मला एक शब्द डच सुचेना. तेव्हा फोनवरची पोरगी आपल्या फ्रिशियन भाषेत मोजायला लागली. छाती दाब, सोड, दाब, सोड. तिच्या आवाजाला धरून राहिलो, म्हणतो.

नीन्के : मी तुम्हाला त्या बाईचं नाव सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही.

आजोबा : तू कशाला सांगशील. तोच साऱ्या बंदराला सांगत फिरतोय. ती पोरगी तू, हे मी ओळखलं. त्याला बोललो नाही.

नीन्के : आजोबा, ती कशी आहे ते ठाऊक असेल तर सांगा. वाईट असलं तरी. एवढं एकदा कळलं ना, तर मी गुरुवारी जाईन.

आजोबा : इस्पितळात शुद्धीवर आली. पहिलं काय बोलली, तर कुत्र्याला खायला घातलंस का. मग डाउवेच्या शर्टावरून त्याला रागावली. दोन्ही मुलं नॉर्वेहून आली. बरेच दिवस सगळे तिच्या खाटेभोवती होते. पत्तेसुद्धा खेळले, आणि ती लबाडी करायची म्हणे.

नीन्के : आणि मग?

आजोबा : मग हृदय पुन्हा थकलं. हिस्के परवा गेली, पोरी. रविवारी सकाळी.