वांडाबाईंनी मला तीनदा नापास केलं

माननीय अध्यक्ष श्री. लेरॉय हचिन्स, व्यासपीठावरील पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती वांडा कोवाल्स्की, आणि कोलंबसच्या या उत्तर भागातल्या माझ्या सोमाली, नेपाळी, मेक्सिकन आणि जन्मापासून इथल्याच असलेल्या शेजाऱ्यांनो,

सत्तावीस वर्षं वांडाबाई वाहन परवान्याच्या परीक्षक होत्या. ज्याला त्यांनी एकदाही नापास केलं नाही, असा कुणी या सभागृहात आहे का? मला तर तीनदा केलं.

मी तिलरूपा दहाल. नेपाळमधल्या निर्वासितांच्या छावणीतून इथे अमेरिकेत आल्यावर वर्षभरात सासूबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली. आम्ही त्यांना आमा म्हणायचो. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नवरा गोदामात दिवसपाळीला, म्हणून मीच त्यांचा हात धरून बर्फात दोन बस बदलायचे. दिराने दिलेली जुनी गाडी दारात होती, पण परवाना नव्हता.

परीक्षेत चौक आला की मी थांबायचे ती थांबायचेच. डावीकडच्याला जाऊ दे, उजवीकडच्याला जाऊ दे.

"आधी तू येऊन थांबलीस, तुझी पाळी आहे," वांडाबाई म्हणायच्या.

"त्यांना घाई असेल," मी म्हणायचे.

तिसऱ्यांदा नापास झाले तेव्हा गाडीतच रडले. म्हटलं, "बाई, सासू आजारी आहे. एवढ्या वेळेला पास करा."

लिहिता लिहिताच त्या म्हणाल्या, "म्हणूनच करत नाही. गाडीत तीच बसणार ना?"

मी मनात त्यांना काय काय म्हटलं, ते अध्यक्षांसमोर सांगता येणार नाही.

शनिवारी या बाई आमच्या दारात. "तुझी परीक्षा यापुढे मी घेणार नाही, असं कार्यालयात लिहून दिलंय. आता शिकवायला मोकळी आहे. किल्ली घे."

असे सहा शनिवार. आमा खिडकीतून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "ही एवढी रागावते, तुझी कोण लागते?" मी वांडाबाईंना अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "कुणी नाही म्हणून सांग. आणि चहा अजून आहे का विचार."

सातव्या आठवड्यात दुसऱ्या परीक्षकाने मला पास केलं.

चौदा महिने मी आमांना नेलं-आणलं. मग डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही. त्या दिवशी गाडीत बसल्यावर आमा म्हणाल्या, "पोरी, एवढ्या मोठ्या शहरात मी दवाखान्याचाच रस्ता पाहिला. इतक्यात घरी नको नेऊस."

आम्ही नदीकाठाने गेलो. नव्या घरांच्या रांगा ओलांडून पार मक्याच्या शेतांपर्यंत. आमांनी सीटवर मांडी घातली, काच खाली करायला लावली. सोमाली दुकानातले दोन समोसे पथ्य सोडून खाल्ले.

"ही सगळी माणसं कुठून आली असतील गं?"

"आपल्यासारखीच. कुठून कुठून."

"मग बरं आहे," म्हणाल्या. नऊ दिवसांनी त्या गेल्या.

वांडाबाई, ही दुपार तुम्हाला कधी सांगितली नव्हती. तेवढ्यासाठीच आज माईक मागून घेतला.

आयोजकांनी पाच मिनिटं दिली होती, मी फार जास्त घेतली. त्यांचे आभार. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. आणि वांडाबाई, डोळे पुसा. अध्यक्षांचं भाषण अजून व्हायचंय.