रहाटणीचा गरम एसी

नाही हो, बिघडला नव्हता! तुम्हाला सांगतो, आठ वर्षं झाली मला एसी दुरुस्तीच्या धंद्यात, पण एका न बिघडलेल्या एसीसाठी एका आठवड्यात तीन चकरा कुणी मारल्यात? या रोहिदासनं! कुठं? रहाटणीला!

तिथं अर्जुनराव राहतात. जुने गावकरी, शेताच्या जागेवर आता चार मजली इमारत. सून प्राजक्ता बाळंतीण, आठ दिवसांची पोरगी, आणि बाहेर जानेवारीचा गारठा… म्हणून आजोबांनी गरम हवा देणारा इन्व्हर्टर एसी घेतला. बसवला मीच. दुसऱ्या दिवशी फोन! "रोहिदास, फसलो राव! बटण दाबलं, पर वारंच न्हाई!" आता तुम्हीच सांगा, आतली नळी तापायच्या आधीच पंखा सुटला तर बाळाच्या अंगावर गार झोत नाही का येणार? म्हणून तो दोन-तीन मिनिटं थांबतो बिचारा! गेलो, बटण दाबलं, थांबलो, आली गरम हवा. बिघडला नव्हता हो!

दोन दिवसांनी परत. "आधी भट्टीवानी फेकतंय, आन् अर्ध्या तासानं कोमट! दमच संपला त्याचा!" जाऊन बघतो तर अर्जुनराव स्टुलावर उभे आणि तळवा एसीच्या तोंडाला… पोराचा ताप बघतात तसा! म्हटलं, खाली या आधी. घाट चढताना मोटारसायकलची मूठ पिळता, सपाटीला आल्यावर काय करता?

"सैल सोडतो."

"गाडी बंद करता?"

"बंद कशाला करीन? येडा हाय का मी?"

"मग हापण येडा नाही! खोली गार असते तोवर जोरात पळतो, तुम्ही लावलेल्या पंचविसाजवळ आला की हळू होतो. भिंतीतून, फटीतून जेवढी ऊब जाते तेवढीच भरत बसतो."

मान डोलावली त्यांनी. चहासुद्धा दिला. मी खूश! बिघडला नव्हताच ना!

शनिवारी फोन आला तो प्राजक्ताचा, अगदी कुजबुजत… "दादा, लवकर या, मामा माझं ऐकत नाहीत." पळत गेलो. रिमोटवर तीस, एसी फुल्ल, आणि समोरची खिडकी सताड उघडी! एका बाजूनं भट्टी, दुसऱ्या बाजूनं गारठा, मधे पोरगी शिंका देत रडतेय! म्हटलं, अहो, खिडकी कशाला उघडलीत?

"म्हंजी मंद पडत न्हाई ना त्यो! बघ, कसा पळतोय!"

खरं सांगतो, गिऱ्हाईकावर मी कधी ओरडत नाही, पण त्या दिवशी सुटलंच तोंडातून, "अर्जुनराव, तुम्हाला एसी पळताना बघायचाय का नात झोपलेली बघायचीय?"

मला वाटलं, आता हाकलतात! पण म्हातारा उठला, खिडकी स्वतः लावली, रिमोट माझ्या हातात दिला. पंचवीस केलं. बसलो सगळे. हळूहळू एसीचा आवाज उतरला, पोरीचा आवाज उतरला… अर्जुनरावांचा हात सवयीनं वर निघाला होता, पण मधेच थांबला आणि दुपट्यात गेला. पोरीचं पाऊल धरून म्हणतात, "गरम हाय रं." डोळे भरले होते हो त्यांचे.

मग काय, बारशाला मला खास आमंत्रण! खोलीत तीस-चाळीस माणसं, त्यांचीच ऊब एवढी की एसी जवळजवळ गप्प. अर्जुनराव ऐटीत सांगतायत, "घाट संपला की मूठ सैल, असं असतंय त्ये!" तेवढ्यात त्यांचे निघोज्याचे मेहुणे दत्तोबा उठले, एसीखाली तळवा धरला. "दाजी, बिघडलाय ह्यो." अर्जुनरावांनी परत घाट चढवला, परत उतरवला… दत्तोबा ढिम्म! "आवो दाजी, मिस्त्री बसलाय की हितंच, त्यालाच इचारा!"

चाळीस माणसं माझ्याकडं बघतायत, माझ्या हातात घुगऱ्यांची वाटी, त्यापण निवत चाललेल्या. काय करणार?

म्हटलं, "व्हय, बिघडलाय. उद्या येतो."