सांगणार कोण?

दुखण्याच्या डॉक्टरांकडे मान दाखवायला आलेल्या शिंपीणबाईंच्या शेजारी एक जोडपं येऊन टेकलं. नवरा लगेच त्यांच्याशी बोलू लागला.

"हिची पाठ दुखते म्हणते. चार वर्षं झाली."

"म्हणते नाही, दुखते."

"तेच ते. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हाडं ठणठणीत. नसांचे म्हणाले, नसा उत्तम. मनाचे डॉक्टर म्हणाले, मनही शाबूत."

"मग दुखतंय काय, शेजारणीचं?"

"अगं हळू, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. घरी कोण ऐकतं? हे डॉक्टरही मीच शोधले. तुम्ही म्हणालात, फिरायला जा."

शिंपीणबाईंना हसू फुटलं आणि मानेत सणकन कळ गेली.

तेवढ्यात नर्स आली. "काकू, दहापैकी किती दुखतं?"

"तीन लिहा," नवरा म्हणाला.

"आठ."

"आठ असतं तर सकाळी स्वयंपाक झाला असता का?"

"रडत केला. तुम्ही पेपर वाचत होतात."

नर्सनं आठ लिहिलं. "काकू, चला आत. काका, तुम्ही इथंच बसा."

दार लागलं. नवरा शिंपीणबाईंकडे वळला.

"मी बाहेर? मग हिला कुठं दुखतंय, ते सांगणार कोण?"