धुण्याच्या दगडाचा देव

...आणि वर मलाच म्हणतात, "सूनबाई, देवाला पाय लागू देऊ नकोस!" अहो, कसला देव? तुम्हाला सांगते, धुण्याचा दगड आहे तो! आमच्या मामंजींनी, म्हणजे सासरे तात्यासाहेबांनी, माझ्या लग्नाच्या आठवडाभर आधी कुक्षीच्या बाजारातून बैलगाडीत घालून आणलेला... सून येणार म्हणजे धुणं वाढणार ना! सात महिने झाले त्याला. पण मी नवी सून. मी काही बोलले नाही.

झालं काय, सरदारपुरात वीज येणार! देवासला माहेरी मी बल्बखाली वाढलेली, इथे कंदिलाच्या काचा पुसून बोटं काळी. आणि खांब नेमका आमच्या परसात ठरला, खांबाजवळच्या घराला पहिला दिवा... मला तर भाकरीच्या जागी तव्यावर बल्ब दिसायला लागले! आणि मामंजींना काय दिसलं? म्हैस! "परसात वीज आली तर म्हशीचं दूध आटेल!" कुणी सांगितलं? म्हशीनं?

आता सरकारची रीत अशी, की खांब रोवण्याआधी एक सर्वेवाले साहेब वाटेतलं जुनं-पुराणं तपासणार, देऊळबिऊळ निघालं की खांब सरकवणार. हे मामंजींना कळलं मात्र... सकाळी बादली घेऊन जाते तो काय, माझ्या दगडाला शेंदूर! झेंडूची माळ! उदबत्ती! सासूबाई म्हणाल्या, "धुणं आजपासून नदीवर." नदीवर! मी काही बोलले नाही.

साहेब आले. चष्मा पुसून वाकले. "तात्यासाहब, ये तो बहुत पुराना लगता है।" मामंजी हात जोडून, "परमारों के टाइम के भेरूबाबा हैं, भिया! हमारे पणजोबा भी पूजते थे!" दगड खरबरीत राहावा म्हणून पाथरवटानं टाकीचे घाव घातलेले, त्यावरून बोट फिरवत साहेब म्हणतात, "अक्षर होंगे... घिस गए।" घिस गए! कशानं? तुमच्या भेरूबाबावर मी सात महिने अख्ख्या घराची धोतरं आपटली, त्यानं! असं हसू फुटलं मला, सांगायची सोय नाही... पदराचा बोळा तोंडात कोंबला नि कमरेतून वाकले. तर त्या मेल्या साहेबानं वहीत काय लिहावं? आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं! "घर की नई बहू भी झुककर प्रणाम करती है।" मी काही बोलले नाही. बोलणार कशी? तोंडात पदर!

सरकला खांब. शेजारच्या भवानीबाईंच्या दारात! आता बल्ब त्यांच्या स्वयंपाकघरात, आणि मी त्यांच्या खिडकीतून सांडेल तेवढ्या उजेडात तांदूळ निवडते. म्हशीचं म्हणाल, तर ती गाभण राहिली. दूध आपलं आपणच आटवून बसली आहे!

आणि काल भवानीबाई नारळ घेऊन हजर! "अगं, तुमच्या भेरूबाबाच्या कृपेनंच आमच्याकडे दिवा लागला! भारी जागृत हो!" मामंजी धन्य. सासूबाई धन्य. नारळ फोडायला पुढे कोण? मी. काय करता...? फोडला, प्रसाद वाटला, आणि माझ्या वाटणीचे दोन तुकडे मुकाट्यानं खाल्ले. खोबरं मात्र गोड होतं हो!