प्रिंटरांच्या यादीतला फ्रीज

आदरणीय अध्यक्ष डॉ. उमादेवी बिराजदार मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती विरूपाक्षअप्पा स्वामी, त्यांच्या शेजारी बसलेल्या जगदेवीकाकू, आणि या रुग्णालयातल्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो, सर्वांना सविनय जय भीम आणि नमस्कार.

मी धम्मप्रिया सरवदे. संगणक विभागात चार वर्षं अप्पांच्या हाताखाली आहे. मानपत्रात अप्पांची एकतीस वर्षं फार छान आली आहेत. लातूरचं हे रुग्णालय, चाकूर आणि लोह्याचे आपले दवाखाने, सगळीकडच्या तारा त्यांनी उभं राहून ओढून घेतल्या. त्यावर मी आणखी काय बोलावं? मी एका रविवारबद्दल बोलणार आहे. तो मानपत्रात नाही.

आमच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. नेटवर्कला जोडलेलं प्रत्येक यंत्र त्यात दिसतं आणि काही बिघडलं की आमच्या मोबाइलवर घंटी वाजते. कॅमेरा, प्रिंटर त्याला आपोआप ओळखू येतात. गेल्या वर्षी रक्तपेढीच्या फ्रीजला तापमान कळवणारी नवी डबी बसवली, ती काही त्याला ओळखू येईना. अशा वेळी आपणच नवा प्रकार तयार करायचा असतो. त्याला नाव द्यायचं, डबीचा ओळख क्रमांक टाकायचा, घंटी कधी वाजवायची ते ठरवायचं. अर्ध्या तासाचं काम. शनिवार होता, माझी चाकूरची एसटी चुकत होती. मी ती डबी प्रिंटरांच्या यादीत टाकली. म्हटलं, सोमवारी बघू.

आता शनिवारी घरी जाताना आपण सगळे प्रिंटर बंद करतो. अप्पांचाच नियम. हसू नका, विसरलेल्यांनी अप्पांना चहा पाजलेला आहे! म्हणूनच प्रिंटरांची घंटी सोमवार सकाळपर्यंत बंद ठेवलेली असते. रविवारी दुपारी फ्रीज बंद पडला. डबीनं कळवलं. घंटी वाजली नाही.

चाकूरच्या रक्तदान शिबिरातल्या बेचाळीस पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. त्यात एक माझ्या भावानं दिलेली होती. एका बाळंतिणीसाठी नांदेडहून रक्त आणावं लागलं, तीन तास गेले. ती वाचली. मला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. काहीच वाटलं नाही. आजही या माइकसमोर तसंच आहे, सगळं बधिर.

चौकशीत डबी त्या यादीत टाकल्याची नोंद अप्पांच्या नावावर निघाली. निघणारच. आमच्या खोलीत सगळेच अप्पांच्या नावानं लॉगिन करायचो, पासवर्डची चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली असायची. चौकशीला जायच्या आधी मी म्हणाले, अप्पा, मी सांगते. ते म्हणाले, "गप बस पोरी. तुझी नोकरी अजून पक्की न्हाई. मी तर घरीच चाललो." मी गप्प बसले. एक-दोन दिवस नाही, आठ महिने. मार्चमध्ये मी कायम झाले, तेव्हा पहिला पेढा अप्पांना दिला. त्यांनी खाल्लासुद्धा. निवृत्तीनंतर त्यांना सल्लागार म्हणून ठेवायचं ठरलं होतं, ते मात्र रद्द झालं. का, ते आपल्याला माहीतच आहे.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून नवा प्रकार करायला लावला. नाव 'रक्तपेढी फ्रीज', घंटी सातही दिवस. म्हणाले, "त्याला वळखू येईना तर आपण वळख द्यावी. दुसऱ्याच्या यादीत कशाला ढकलायचं?" ते डबीबद्दलच बोलत होते. टोमणे मारायचा अप्पांचा स्वभाव नाही. मला मात्र ते लागलं.

अप्पा, तुम्ही नको नको म्हणून मान हलवताय, मला दिसतंय. आज मी ऐकणार नाही.

अध्यक्ष मॅडम, सगळं या कागदावर लिहून खाली सही केली आहे, तो आपल्या हाती देते. मला दोन शब्द बोलू दिलेत, आपली आभारी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर लहान समजून पोटात घाला. त्या रविवारची चूक मात्र पोटात घालू नका. ती अप्पांच्या फाइलमधून काढा आणि माझ्या फाइलला लावा.